पाटीवरचा आकडा

हातगाडी वळणावर दिसायच्या आधीच मिस्त्रीच्या नाकाला कळलं, की येणारी पंपाची मोटार नुसती अडकलेली नाही, जळलेली आहे. जळक्या वॉर्निशचा वास कडू असतो आणि घशात जाऊन बसतो. त्या उन्हाळ्यात तो इतका झाला होता की मिस्त्रीच्या बायकोने कपडे घराच्या मागे वाळत घालायला घेतले होते. तरी अंगात घातले की ते कुणाच्या तरी पंपघरातून काढून आणल्यासारखे वाटत.

उन्हाळा मोटारींना वाईट आणि मिस्त्रीला चांगला, असं लोक म्हणत. म्हणायला काय जातं! दुपारी शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम चालू होत, विजेचा दाब खाली येई, आणि दाब कमी पडला की मोटार जास्त करंट ओढून आपली भूक भागवते. मग तापते. अशा वेळी फ्यूज उडतो तो उडण्यासाठीच ठेवलेला असतो, आणि रिले पडून वीज तोडतो तो मोटार वाचवायला पडतो, हे मिस्त्री बावीस वर्षं सांगत होता. लोक मान हलवत ऐकून घेत आणि घरी जाऊन फ्यूजमध्ये खिळ्याएवढी जाड तार घालत. निम्म्या गावाने रिलेला वायरीचा वळसा देऊन तो 'डायरेक्ट' केला होता. एकाने फ्यूजच्या जागी चमच्याचा दांडा बसवला होता. त्याची मोटार तीन वर्षं जळली नव्हती, आणि हे तो मिस्त्रीला भेटेल तिथे ऐकवत असे.

हातगाडी मिस्त्रीचा जावई ओढत होता. मागून मिस्त्रीची मुलगी ढकलत होती. बाजूने जावयाचा थोरला भाऊ चालला होता, हातात कागदाची सुरळी घेऊन. कागदही कधी कधी जड असतो.

"या," मिस्त्री म्हणाला. मोटार ओळखायला त्याला पाटी बघावी लागली नाही. गेल्या उन्हाळ्यात त्यानेच नवी तार घालून भरलेली होती.

"या काय, यावंच लागलं," थोरला म्हणाला. "काल दुपारी गेली. धाकट्याच्या पाळीत."

'धाकट्याच्या पाळीत' हे शब्द त्याने असे ठेवले, की ते कुठे पडलेत हे सगळ्यांना दिसावं. विहीर दोघा भावांची, मोटारही दोघांची. सकाळचं पाणी थोरल्याचं, दुपारनंतरचं धाकट्याचं. त्यांच्या वडिलांनी जाण्याआधी एक कागद करून ठेवला होता: ज्याच्या पाळीत मोटार जळेल, त्याची पाळी हंगाम संपेपर्यंत दुसऱ्याकडे जाईल. म्हाताऱ्याला आपली मुलं माहीत होती, शिक्षेशिवाय कुणी मोटारीकडे बघणार नाही. तरी त्याने खाली एक ओळ जोडली होती, की दोष लाइनचा किंवा भरणाऱ्याचा निघाला तर पाळी जाणार नाही. आणि मोटार दोघांच्या समोर उघडायची.

धाकट्याची मिरची फुलावर आली होती. त्या उन्हात तिने पाण्यावाचून आठ दिवस तग धरला असता, दहा दिवस नाही. हंगामाचे दोन महिने बाकी होते.

"पाणी घे आधी," मिस्त्रीची बायको मुलीला म्हणाली. मुलीने तांब्या घेतला आणि आधी नवऱ्यापुढे धरला. त्याने नको म्हणून मान हलवली. त्याच्या तळहाताला गाडीच्या दांड्याने फोड आले होते आणि ते तो मांडीआड धरून बसला होता.

मिस्त्रीने मोटारीचे बोल्ट सोडले, झाकण ठोकून सैल केलं, रोटर ओढून बाहेर काढला. चौघंही वाकली. आतली वेटोळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखी काळी पडली होती. बांधलेला दोरा हात लावताच भुगा होऊन गळाला.

"तुम्हीच एकदा शिकवलं होतं मला," थोरला म्हणाला, "लाइनचा एक फेज गेला की दोन फेजची वेटोळी जळतात, तिसऱ्याची ताजी राहतात. इथे ताजं काही दिसतंय का?"

"नाही."

"म्हणजे लाइनचा दोष नाही."

"नाही. ओव्हरलोड आहे. बरेच दिवस तापत होती."

"मग रिले का नाही पडला?"

उत्तर धाकट्याने दिलं. "मी चकती फिरवली."

रिलेवर एक लहानशी चकती असते, किती अँपिअरला पडायचं ते ठरवणारी. गेल्या वर्षी मोटार बसवून देताना मिस्त्रीने ती सहावर ठेवली होती.

"किती केली?" मिस्त्रीने विचारलं.

"साडेसात. बारा दिवस झाले. दुपारी दर वीस मिनिटांनी पडायचा, मामा. मी बटण दाबायचो, पडायचा. एक वाफा भिजायला दोन तास. मग स्टार्टरच्या झाकणाच्या आत कागद चिकटवलेला असतो ना, तो वाचला. मोटारीच्या पाटीवर जेवढे अँपिअर लिहिलेत तेवढ्यावर रिले ठेवावा, असं छापलंय. पाटीवर साडेसात आहे. मी साडेसात केली. त्याच्या वर नाही नेली."

"आणि मिस्त्रींनी जाताना काय सांगितलं होतं?" थोरला म्हणाला. "दोघांसमोर सांगितलं होतं. चकतीला हात लावायचा नाही."

"का नाही लावायचा ते नव्हतं सांगितलं."

"का, हे विचारायला ती तुझी सासुरवाडी आहे, माझी नाही. मी ऐकलं. सकाळी माझ्या पाळीत कधी पडली नाही."

सकाळी दाब चांगला असे, म्हणून पडत नसे. हे मिस्त्रीने मनात म्हटलं, तोंडाने नाही. त्या गावात दीडशे स्टार्टर असतील आणि प्रत्येकाच्या झाकणात तो कागद असेल. तो वाचणारा आणि वाचून तसंच करणारा हा एकटा निघाला, आणि मोटार त्याची जळली.

थोरल्याने सुरळी उलगडली. "व्याहीबुवा, तुम्ही धाकट्याचे सासरे. दुसरा असता तर मोटार दुसऱ्या गावाला घेऊन गेला असता. मी नाही नेली. तुमच्या शब्दावर आजवर शंका घेतलेली नाही. कारण काय ते तुम्हीच इथे लिहा आणि सही करा."

मिस्त्री कागदाकडे न बघता मोटारीकडे बघत राहिला. "भरून होऊ दे. तीन दिवस लागतील. न्यायला याल तेव्हा लिहून देतो."

"कारण तर आत्ताच दिसतंय."

"सगळं काढून बघितल्याशिवाय मी लिहीत नाही."

हे खरंच होतं, त्यामुळे थोरल्याला मान डोलवावी लागली. तो गेला. धाकटा बसून राहिला, मग तोही मिरचीला हंड्याने तरी पाणी घालतो म्हणून उठला. सासूने जेवून जा म्हटलं तेव्हा त्याने भूक नाही म्हणून सांगितलं. भूक नाही म्हणताना तो ताटांकडे बघत होता, आणि सासूने ते बघितल्याचं त्याला कळलं.

मुलगी राहिली. "विहीर बंदच आहे," ती म्हणाली. "घरी बसून काय करू? सासूबाईंचं ऐकू?"

"काय म्हणतात?"

"काय म्हणणार. मिस्त्रीची मुलगी घरात आणली, आता मोटारीची काळजी मिटली असं वाटलं होतं, म्हणतात."

मिस्त्रीची बायको हसली. मिस्त्री छिन्नी शोधायला आत गेला.

जळलेली मोटार रिकामी करणं हे भरण्यापेक्षा वाईट काम. आधी एका बाजूची वेटोळी छिन्नीने सपाट कापायची, मग मोटारीचं कवच भट्टीवर ठेवून आतलं वॉर्निश जाळून मऊ करायचं, आणि गरम आहे तोवर दुसऱ्या बाजूने पकडीने तारांचे झुबके ओढायचे. तार बसायचे छत्तीस स्लॉट, छत्तीस झुबके. उन्हाळ्यात भट्टीजवळ बसायचं म्हणजे अंगातलं पाणी आधी पाठीतून जातं, मग डोळ्यांतून. मिस्त्रीची बायको पकड दोन्ही हातांत धरून, पाय कवचाला लावून मागे झुके, आणि झुबका सुटला की तिचा तोल जाई. पन्नाशीच्या बाईने असं बसून मागे पडणं बघायला बरं नव्हतं, म्हणून मुलीने पकड घेतली.

"तू एक वेटोळं मोकळं कर," आई म्हणाली, "पदर मोज."

हे काम मुलीला सात वर्षांची असल्यापासून येत होतं. एका वेटोळ्यात तारेचे किती पदर ते मोजायचं, तारेचं टोक पात्याने खरवडून तांब्याचा रंग आणायचा, आणि ते गेजच्या खाचांमध्ये घालून बघायचं. गेज म्हणजे पोलादी चकती, कडेने लहानमोठ्या खाचा, प्रत्येक खाचेला नंबर. नंबर जितका मोठा तितकी तार बारीक. जुनी तार ज्या खाचेत बसेल त्या नंबरची नवी आणायची.

मिस्त्रीला हे आठवलं तेव्हा तो अंगणात होता. तो आत आला तोवर उशीर झाला होता.

"बाबा," मुलगी म्हणाली, "ही एकवीस आहे."

"जळलेली तार आहे. आक्रसते."

"तांबं आक्रसत नाही. तुम्हीच सांगितलंय." तिने दुसऱ्या झुबक्यातली तार घेतली, खरवडली, खाचेत घातली. मग तिसरी. "एकवीस. पाच हॉर्सपॉवरला आपण वीस घालतो."

आई स्लॉट घासत होती. तिने ब्रश थांबवला नाही. तो ब्रश ज्या वेगाने चालू राहिला त्यावरून मुलीला कळलं, की आईला माहीत होतं.

"कुणी भरली होती ही?"

"मीच भरली," आई म्हणाली. "वेटोळी मी बांधली, टाकली यांनी."

"बाबा?"

मिस्त्री खाली बसला. गुडघे वाजले. "गेल्या वर्षी आठवतंय ना, तुझे वांग्यांचे वाफे सुकत होते. बेअरिंग अडकून मोटार गेली होती, कुणाचा दोष नव्हता. पण वीस नंबरची तार संपलेली. दुकानदार म्हणाला सहा दिवस. तू दारात येऊन बसली होतीस सकाळ-संध्याकाळ. एकवीसचं रीळ पडून होतं. म्हटलं भरू, पावसाळ्यात मोटार बंद असते तेव्हा उपसून पुन्हा भरून देऊ. तार बारीक म्हणजे करंट कमी सोसणार. म्हणून रिले सहावर ठेवला. तिच्या ताकदीपलीकडे गेलं की पडेल. हिशोबाने बरोबर होतं. वर्षभर जळली नाही."

"पावसाळ्यात का नाही भरलीत?"

"राहून गेलं."

राहून गेलं, हे दोन शब्द माणसं इतक्या सहज बोलतात की ते एखाद्या तिसऱ्याच माणसाने केलंय असं वाटावं.

"मी म्हटलं होतं यांना," आई म्हणाली, "निदान जावयाला सांगून ठेवा. हे म्हणाले, सांगितलं की घरभर होईल. रिले सांभाळेल."

"सांभाळलंच ना त्याने!" मिस्त्रीचा आवाज चढला. "वर्षभर सांभाळलं! त्याच्या चकतीला कुणी..." आणि पुढे त्याला बोलता आलं नाही, कारण पुढे जावई होता.

मुलीने हातातली तार जमिनीवर ठेवली. "कालपासून मी ह्यांना बोलतेय," ती म्हणाली. "बाबांनी सांगितलं होतं तर हात कशाला लावलात. अक्कल आहे का. वाचता येतं म्हणून सगळं कळतं असं नाही. सासूबाईंसमोर बोलले. एक शब्द उलट नाही बोलले हे."

तिने पकड उचलली आणि पुढचा झुबका ओढला. तो एका झटक्यात आला.

दुसऱ्या दिवशी गिरणीवाला आला. त्याची मोटारही मिस्त्रीकडे होती, नुकतीच भरून वाळत ठेवलेली. गावातलं पीठ आणि गावातली बातमी दोन्ही त्याच्याच जात्यातून बाहेर पडत. "झाली का माझी? गिऱ्हाईकं दाण्यांची पोती ठेवून जातात आणि मला शिव्या ठेवून जातात."

"वॉर्निश ओलं आहे. उद्या दुपारी या."

"ही धाकट्याची का? चकती फिरवली म्हणे." तो वाकून बघू लागला. "वाचायला शिकवलं की पोरं असं करतात. माझा रिले डायरेक्ट आहे, कटकटच नाही."

"म्हणूनच मोटार इथे वाळतेय," मिस्त्रीची बायको म्हणाली.

गिरणीवाला मनापासून हसला. टोमणा दुसऱ्याला ऐकवण्यासारखा असला की तो स्वतःवरचाही चालवून घेत असे.

तो गेल्यावर कागद कापायचं काम सुरू झालं. स्लॉटमध्ये तांबं लोखंडाला लागू नये म्हणून आधी जाड पिवळा कागद दुमडून घालायचा. मिस्त्री कापत होता, मुलगी दुमडत होती, आई लाकडी फर्म्यावर नवी तार गुंडाळत होती, वीस नंबरची. फर्म्याचा दांडा उजव्या हाताने फिरवायचा, तार डाव्या हाताच्या अंगठ्याखालून ताणून सोडायची. आईच्या त्या अंगठ्याला इतक्या वर्षांत एक घळ पडली होती. तार आपोआप तीत जाऊन बसे.

"उद्या काय लिहिणार आहात?" तिने फिरवता फिरवता विचारलं.

"बघतो."

"अहो, बघून झालंय आता."

मिस्त्रीने कात्री ठेवली. "या उन्हाळ्यात सदतीस मोटारी भरल्या. एकीत बारीक तार होती म्हटलं की सदतीस जण म्हणणार, माझ्यातही असेल. कुणाकुणाला सांगू की ती एकच होती? आणि ती एकच होती, अगं. देवाशपथ एकच."

"मला काय सांगता. सदतीसांची तार माझ्याच अंगठ्याखालून गेलीय."

"बावीस वर्षं लोक मोटार टाकून जातात आणि भरून नेतात. आत काय घातलं हे एकानेही कधी विचारलं नाही. या धंद्यात आहे काय दुसरं? झाकण लावल्यावर आतलं कुणाला दिसतं?"

बायकोने दांडा थांबवला, पदर मोजले, फर्मा मोकळा केला. "मग धाकट्याचा दोष लिहा. नियमात बसतो. त्याने चकती फिरवलीच आहे."

मुलगी कागद दुमडत होती. तिने मान वर केली नाही. जे काही ठरेल ते आपल्याला विचारून ठरलं, असं व्हायला तिला नको होतं.

"बाबा," ती पुढचा कागद घेत म्हणाली, "तुम्ही काहीही लिहा, ह्यांना मात्र मी सांगणार. घरात तरी मी ह्यांना खोटं पाडणार नाही."

"तो भावाला सांगेल."

"नाही सांगणार. तुमचं नाव जाईल म्हणून नाही सांगणार. हंड्याने पाणी घालत बसतील." तिने घडी नखाने दाबली. "तेच तर."

संध्याकाळपर्यंत अर्धे स्लॉट भरले, उरलेले रात्री दिव्याखाली. वेटोळ्याचे पदर बोटांनी चपटे करून एकेक तार फटीतून आत सोडायची, बांबूच्या पट्टीने दाबायची, वरून पाचर सारायची. मिस्त्रीची बोटं सुजली होती. एरवी तो या कामात गुणगुणत असे. तिघांच्या मध्ये ती मोटार होती आणि तिघंही तिच्याशी बोलल्यासारखी वाकलेली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी थोरला आला, मागून धाकटा हातगाडी घेऊन. गिरणीवालाही नेमका तेव्हाच आला. बातमी शिजत असली की त्याला वास येई. मोटार भरून, वॉर्निश पिऊन, भट्टीच्या उबेत वाळून तयार होती. मिस्त्रीने तिन्ही फेजना दिवा लावून दाखवला. दिवा तिन्ही वेळा सारखा लागला.

"आता कागद," थोरला म्हणाला. त्याने तो मोटारीच्या पाठीवरच पसरला आणि पेन काढलं. त्याच्या खिशात दोन पेनं असत. पहिलं चाललं नाही.

मिस्त्रीने गिरणीवाल्याकडे बघितलं. त्याला अंगणात थांबायला सांगता आलं असतं. ते तोंडावर आलंही होतं. मग त्याने धाकट्याकडे बघितलं. तळहाताचे फोड फुटले होते आणि त्यावर चिंधी बांधली होती. तो कागदाकडे बघत नव्हता. त्याच्या लेखी ते होऊन गेलं होतं.

"दोष भरणाऱ्याचा," मिस्त्री म्हणाला.

थोरल्याचं पेन कागदावर टेकलेलं राहिलं. "काय?"

"गेल्या वर्षी तार मी बारीक घातली होती. वीस पाहिजे, एकवीस घातली. ती साडेसात अँपिअर सोसणारी नव्हती. सहा सोसत होती, म्हणून मी रिले सहावर ठेवला आणि हात लावू नका म्हणालो. का, ते सांगितलं नाही. पाटी साडेसातचीच राहिली. पाटी वाचून याने चकती लावली ती बरोबर लावली. कागदावर तसंच छापलेलं आहे. तार पाटीप्रमाणे असती तर मोटार जळली नसती."

धाकटा बायकोकडे बघू लागला. तिने होय म्हणून मान हलवली.

थोरल्याला राग येईल असं सगळ्यांना वाटलं होतं. पण तो विचारात पडला. दोन महिन्यांचं दुपारचं पाणी त्याने मनातल्या मनात आपल्या शेतात फिरवून आणलं होतं, ते आता परत वळवायला त्याला वेळ लागत होता.

"मुलीसाठी बोलताय तुम्ही," तो शेवटी म्हणाला.

मिस्त्रीच्या बायकोने कोपऱ्यातून जळक्या तारांचं गाठोडं आणून त्याच्यापुढे टाकलं आणि वर गेज ठेवलं. "मोजा. कुठलीही घ्या."

थोरल्याने घेतली. दोन घेतल्या. खरवडायचं कसं ते धाकट्यानेच दाखवलं. एकवीसच्या खाचेत तार गेली आणि विसाच्या खाचेत ती ढिली खडखडली. मग थोरल्याने एक गोष्ट केली जी मिस्त्रीच्या दारात कुणी कधी केली नव्हती. तो भरलेल्या मोटारीकडे वळला आणि म्हणाला, "आता कोणती घातलीय?"

"वीस."

"दाखवा."

मिस्त्रीने बाहेर काढलेल्या टोकावरची नळी मागे सारली. ते टोक दाखवताना त्याला आपण चारचौघांत सदरा वर करून पोट दाखवतोय असं वाटलं. थोरल्याने सावकाश मोजली. वीस होती. कागदावर त्याने लिहिलं, मिस्त्रीने सही केली, पाळी धाकट्याची राहिली. थोरल्याने सहीखाली आपल्या हाताने आणखी एक ओळ जोडली: मोटार भरल्यावर तार दोघांसमोर मोजून घ्यावी.

"आणि चकती?" धाकट्याने विचारलं.

"साडेसात," मिस्त्री म्हणाला. "पाटीप्रमाणे. त्याच्यावर पडला तर पडू दे, दहा मिनिटं बसून राहा. जावईबापू..."

"असू दे मामा," धाकटा घाईने म्हणाला आणि गाडीला लागला. त्याला माफी ऐकायची लाज वाटली असावी. मुलीने जाताना आईला मिठी मारली. बापापाशी ती थोडी थांबली, त्याच्या सदऱ्यावरचा तारेचा तुकडा काढला आणि गाडी ढकलायला गेली.

गिरणीवाला तिथेच होता.

"तुमची तयार आहे," मिस्त्री म्हणाला. "न्या."

"कोणती तार आहे तिच्यात?"

"अठरा. मोठी मोटार आहे तुमची, अठराच लागते."

"असेल," गिरणीवाला म्हणाला, आणि गेज उचललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चार जण आले. दुपारपर्यंत नऊ झाले. कुणी मोटार उपसून आणली, कुणी मिस्त्रीला सायकलवर बसवून विहिरीवर नेलं. चमच्याच्या दांड्यावाला मोटार न जळताच आला, नुसता बघायला. तार सगळ्यांची बरोबर निघत होती, आणि बरोबर निघाल्यावर माणसं खूश होण्याऐवजी थोडी ओशाळत, आणि ओशाळल्यामुळे जास्तच तुटक बोलत. दोघांनी काहीही न मोजता आपल्या मोटारी नेल्या आणि पलीकडच्या गावच्या मिस्त्रीकडे टाकल्या. तिकडे गेज होतं की नाही हे त्यांनी विचारलं नाही.

बायकोने चौथ्या दिवशी गेजला सुतळी बांधून ते दाराबाहेर खिळ्याला टांगलं. "सारखं आतून आणून द्यायला माझे पाय दुखतात," ती म्हणाली.

त्या आठवड्याच्या शेवटी एक म्हातारी आली. पलीकडच्या ओढ्याकाठी तिचं एकटीचं भाजीचं शेत होतं. मोटार तिने शेजाऱ्याच्या गाडीतून आणवली होती आणि शेजारी निघून गेला होता. मिस्त्रीने ती भरली. न्यायला आली तेव्हा तिला कुणीतरी पढवून पाठवलेलं दिसत होतं, कारण आल्या आल्या ती खिळ्याजवळ गेली.

"मोजून घे म्हणालेत मला," ती म्हणाली.

"घ्या की आजी."

मिस्त्रीने टोक खरवडून दिलं. म्हातारीने गेज डोळ्यांजवळ धरलं, लांब धरलं, फिरवलं. तिची बोटं थरथरत होती आणि तार खाचेत जायला तयार नव्हती. मिस्त्रीने हात पुढे केला आणि मागे घेतला. आपण लावून दिली तर मोजलं असं होणार नाही, हे त्याला कळत होतं. बराच वेळ गेला. ऊन अंगणात निम्म्यापर्यंत आलं होतं. शेवटी तार एका खाचेत गेली, घट्ट बसली. म्हातारीने ती ओढून बघितली आणि खाचेजवळचा नंबर अंगठ्याने पुसला.

मग तिने गेज मिस्त्रीपुढे धरलं.

"काय लिहिलंय रे इथे?"

मिस्त्रीने नंबराकडे बघितलं. दारातून त्याची बायको बघत होती.

"वीस," तो म्हणाला. "आणि तुमच्या मोटारीला वीसच लागते."

म्हातारीने त्याच्याकडे बघितलं. डोळ्यांत मोतीबिंदू असलेली माणसं बघतात तसं, जरा बाजूने, पण पुष्कळ वेळ.

"बरं," ती म्हणाली. "झाकण लाव."